इटालियन हॉटेल काढायचंय? आधी मंगळवारी संध्याकाळी जेवून या



डोंबिवली पूर्वेच्या एका ताईंचा मेसेज आला होता. मिस्टरांनी व्हीआरएस घेतली, हातात बावीस लाख आले. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय. त्याला ठाण्यात घोडबंदर रोडला, नाहीतर इथेच मानपाडा रोडला, इटालियन आणि स्पॅनिश पदार्थांचं तीस खुर्च्यांचं छोटं हॉटेल काढायचंय. ताईंनी विचारलंय, "सर, शनिवारी आम्ही ठाण्यात अशाच एका हॉटेलात गेलो होतो. बाहेर पाऊण तास वेटिंग. म्हणजे हा धंदा चालतोच ना?"

ताई, शनिवारी रात्री ठाण्यात वेटिंग कुठे नसतं? मिसळीलाही असतं आणि आइस्क्रीमलाही. शनिवारची गर्दी बघून गाळा घेणं म्हणजे दिवाळी पहाटेचा फडके रोड बघून डोंबिवलीच्या रोजच्या गर्दीचा अंदाज बांधणं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

त्याच हॉटेलात मंगळवारी पावणेआठला जा. दाराकडे तोंड करून बसा, सावकाश जेवा आणि दहापर्यंत किती माणसं आत आली ते मोजा. बहुतेक ठिकाणी आकडा छोटाच निघेल. याचं कारण इथल्या माणसाचा दिवस. सकाळी सातला घर सोडलेला माणूस तासभर उभ्याने प्रवास करून रात्री साडेआठला ठाणे, डोंबिवली, कल्याणला उतरतो. त्याला तेव्हा पास्ता नको असतो, घर हवं असतं. येताना पोळीभाजी केंद्रातून चार पोळ्या घेतो किंवा घरी पोहोचून मोबाईलवरून मागवतो. बायकोमुलांना घेऊन बाहेर पडतो तो शुक्रवारी रात्री, शनिवारी आणि रविवारी. म्हणजे भाडं भरायचं तीस दिवसांचं आणि खरी कमाई तेरा दिवसांची.

आता आकडे मांडू. हे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा माणशी बिल ४५० रुपये, टॅक्स सोडून. कच्च्या मालाचा खर्च ३२ टक्के, म्हणजे एका माणसामागे हातात राहिले ३०६. महिन्याचं भाडं ९० हजार, पगार १ लाख ६० हजार, वीज-गॅस ४५ हजार, किरकोळ ३५ हजार. एकूण ३ लाख ३० हजार. याला ३०६ ने भागा: १०७९ माणसं. इतकी माणसं जेवली की महिना बरोबरीत सुटतो. मालकाचा पगार यात धरलेला नाही.

आणि इथेच एक खड्डा आहे, जो नवीन माणसाला कोणी सांगत नाही. साध्या हॉटेलला जीएसटी ५ टक्के लागतो, पण नोव्हेंबर २०१७ पासून त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाळ्याचा मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर तो भाड्यावर १८ टक्के लावणार. मालक नोंदलेला नसेल आणि तुम्ही नोंदलेले असाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून तो टॅक्स रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा. (कंपोझिशनवाल्यांना यातून नंतर सूट मिळाली, तुमच्या सीएंना विचारा.) दोन्हीकडून ९० हजारांवर १६,२०० गेले आणि परत काही येत नाही. म्हणजे बरोबरीत यायलाच आणखी ५३ माणसं लागतात. एकूण ११३२.

सतरा साध्या दिवशी रोज १५ माणसं धरली तर २५५. उरलेली ८७७ तेरा दिवसांत यायला हवीत, म्हणजे रोज साधारण ६८. तीस खुर्च्यांत ६८ बसतात का? उडपी हॉटेलात माणूस वीस मिनिटांत उठतो. इटालियनमध्ये लोक सव्वा तास बसतात, गप्पा मारतात, फोटो काढतात. रात्रीच्या साडेतीन तासांत एक टेबल दोनदा फिरलं तरी नशीब. चार जणांच्या टेबलावर तिघं बसतात, म्हणून खुर्च्या भरतात ऐंशी टक्के. झाले ४८. उरलेले वीस दुपारी यायला हवेत. म्हणजे बाहेर वेटिंग असलेलं हॉटेलही जेमतेम बरोबरीत असू शकतं, हे ध्यानात घ्या.

"मग ऑनलाइन ऑर्डर आहेत ना सर?" आहेत. जानेवारी २०२२ पासून त्या ऑर्डरवरचा ५ टक्के जीएसटी अ‍ॅपच भरतं, तेवढी डोकेदुखी कमी. पण कमिशन समजा २५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, ज्याचं क्रेडिट नाही, आणि डबा-पिशवीचे वीस रुपये. ४५० च्या ऑर्डरमागे ३०६ च्या जागी हातात १५३ उरतात. बरोबर निम्मे.

पुन्हा त्या मंगळवारच्या टेबलावर येऊ. मेन्यूकार्ड हातात आलं की पदार्थ नंतर वाचा, आधी पानं मोजा. इटालियन, मेक्सिकन, चायनीज आणि मागच्या पानावर तंदूर असेल, तर मालक गोंधळलेला आहे आणि फ्रीजर भरलेला आहे. चांगल्या छोट्या इटालियन हॉटेलचं कार्ड दोन पानांत संपतं. एकच टोमॅटो सॉस पिझ्झावर जातो, अरॅबियातात जातो, लझानियाच्या थरात जातो. त्यात थोडा व्हाइट सॉस मिसळला की आपल्या लोकांचा लाडका पिंक सॉस. सुका पास्ता महिनोन्‌महिने टिकतो, ऑर्डर आल्यावर उकळायचा. नासाडी कमी. वडापावनंतर इटालियन आपल्याकडे इतकं का पसरलं, त्याचं अर्धं उत्तर चीजमध्ये आहे आणि अर्धं या कोठारात.

मागवायचं साधंच. एक मार्गेरिटा आणि एक आलिओ ओलिओ. खानावळीची परीक्षा जशी वरणावर होते तशी इथली आलिओ ओलिओवर. लसूण, तेल, मिरची, पास्ता. लपवायला जागाच नाही. लसूण करपला असेल तर आचारी घाईत आहे. पास्ता गिजगिजीत असेल तर सकाळीच उकळून ठेवलाय.

पिझ्झा ऑर्डर दिल्यापासून किती मिनिटांत आला ते घड्याळात बघा. नेपल्समध्ये पिझ्झेवाल्यांची संघटना आहे, १९८४ ची. तिने अस्सल पिझ्झ्याचे नियम लिहून ठेवलेत. भट्टी साधारण ४३० ते ४८० अंश आणि भाजायला साठ ते नव्वद सेकंद. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये वारसा यादीत घेतलं. आपल्याकडच्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनला मात्र एका खेपेला सहा-सात मिनिटं लागतात. चार पिझ्झे मावत असतील तर कागदावर तासाला चौतीस, प्रत्यक्षात पंचवीस. म्हणजे शनिवारी तुमच्या धंद्याची मर्यादा खुर्च्या ठरवत नाहीत, ओव्हन ठरवतो. लाकडाची भट्टी दिसायला भारी, पण राहत्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर धुराचं काय करणार? वरच्या मजल्यावरचे काका पहिल्याच आठवड्यात तक्रार घेऊन येतील. मुंबईत तर बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांवर उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीलाच कडक भूमिका घेतली. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

शेजारच्या टेबलावर कान ठेवा. ठाणे-डोंबिवलीत "जैन मिळेल का?" हा प्रश्न दर संध्याकाळी ऐकू येतो. कांदा-लसणाशिवायचा टोमॅटो सॉस वेगळा करून ठेवणारा मालक त्या टेबलावरच्या सहा माणसांना कायमचं बांधून घेतो. शाकाहारी गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट माहीत नसते, तुम्हाला माहीत हवी: इटलीचं पारंपरिक पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. तुमच्या कार्डावर हिरवा ठिपका असेल तर चीजच्या पाकिटावर कोणतं रेनेट लिहिलंय ते बघूनच घ्या. आणि वनस्पती तेलाचं नकली चीज वापरून कार्डावर "चीज" लिहू नका, ते कायद्यातही बसत नाही.

बिल आलं की तेही वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावलाय का? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. तरी लावणारे आहेत. तुम्ही लावू नका.

आता स्पॅनिश. इटालियन पाट्या गल्लोगल्ली दिसतात, स्पॅनिश शोधावी लागते. चव हे त्याचं कारण नाही. बटाटा तर दोघांचाही. आपण हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला, स्पेनमध्ये त्याला पताता म्हणतात. तिथलं तोर्तिया म्हणजे जाडजूड बटाट्याचं ऑम्लेट. वालेन्सियाचा पाएया हा पसरट कढईतला केशरी भात, आणि त्याच्या तळाला धरलेल्या खरपूस थरासाठी तिथे भांडणं होतात. आपल्या घरी खरवडीसाठी व्हायची तशीच.

गणित बसत नाही ते दुसरीकडे. तापास म्हणजे छोट्या बशा. त्या पेयाच्या ग्लासाबरोबर खायच्या, आणि नफ्याचा मोठा वाटा त्या ग्लासात. दारूचा परवाना घेण्याची तुमची ताकद नसेल, तर तापासमधून नफाच निघून जातो. अंडं, मासे, हॅम काढले तर कार्ड अर्धं रिकामं. बटाटा काढला तर जैन गिऱ्हाइकासाठी उरतं काय? पाएया नीट करायचा तर पाऊण तास लागतो, आणि आपलं गिऱ्हाईक पंधराव्या मिनिटाला "अजून किती वेळ?" विचारतं. म्हणून माझं स्पष्ट मत: पाटीवर स्पॅनिश लिहू नका. पातातास ब्रावास, म्हणजे तिखट सॉसमधले तळलेले बटाटे, आणि चुरोज हे दोन पदार्थ कार्डावर घ्या. दोन्ही शाकाहारी होतात, दोन्हींना ओव्हन लागत नाही. शनिवारी ओव्हन तुंबलेला असताना गिऱ्हाइकासमोर ठेवायला हेच कामाला येतात.

स्पेनकडून पदार्थांपेक्षा एक पद्धत घ्या: मेनू देल दिया. १९६० च्या दशकात तिथल्या सरकारने पर्यटकांसाठी ठरावीक दराचं जेवण हॉटेलांना लावून दिलं, त्यातून ही प्रथा रुजली. दुपारी एक पहिला पदार्थ, एक दुसरा, गोड, पाव आणि पेय, सगळं एका दरात. पर्याय दोन-तीनच, आणि ते स्वयंपाकघर ठरवतं. आपली राइस प्लेटच की! वागळे इस्टेटजवळ किंवा डोंबिवली एमआयडीसीच्या बाजूला गाळा असेल, तर दुपारी सूप, त्या दिवसाचा पास्ता, गार्लिक ब्रेड, लिंबू सरबत अशी २२० ची प्लेट लावा. पंधरा मिनिटांत टेबलावर. रोज वीस प्लेटा, बावीस दिवस, कच्चा माल ३५ टक्के धरला तर महिन्याला सुमारे ६३ हजार हातात. रात्रीच्या दोनशे गिऱ्हाइकांइतके. आणि रिकाम्या खुर्च्यांवर.

एफएसएसएआय, पालिकेचा परवाना, दुकान नोंदणी, अग्निशमन हे सगळं लागतंच, त्यावर वेगळा व्हिडिओ आहे. त्यापेक्षा गाळ्याच्या लिव्ह अँड लायसन्स करारातलं लॉक-इनचं कलम वाचा. तीन वर्षांचं लॉक-इन असेल आणि हॉटेल आठव्या महिन्यात बंद पडलं, तर पुढचं भाडंही तुमच्या गळ्यात.

ताई, तुमच्या बावीस लाखांचा हिशेब असा दिसतो. डिपॉझिट, इंटिरिअर, ओव्हन, चिमणी, भांडी यात अठरा गेले तर हातात चार. महिन्याला ११३२ ऐवजी ८०० माणसं आली तर खड्डा लाखाचा. म्हणजे चार महिने. नवीन हॉटेलचं नाव चार महिन्यांत होत नाही, विशेषतः मध्ये पावसाळा किंवा श्रावण आला तर.

तेव्हा सध्या पैसे एफडीत ठेवा. मुलाला ठाण्यातल्याच एखाद्या छोट्या इटालियन स्वयंपाकघरात सहा महिने पगारावर काम करू द्या, आणि गल्ल्याजवळ उभं राहायला मिळालं तर आणखी बरं. तुम्ही आणि मिस्टर येत्या मंगळवारी जाऊन या. पावणेआठ ते दहा, दाराकडे तोंड करून. आकडा मला कळवा.