कठिनता परीक्षण, रबर व प्लॅस्टिक यांचे

एखाद्या पदार्थात टणक टोक घुसविताना त्याच्या पृष्ठभागाकडून होणारा विरोध म्हणजे त्या पदार्थाची कठिनता होय. धातूच्या बाबतीत भार काढल्यावर उरलेला खळगा मोजता येतो. रबर मात्र भार काढताच बहुतांशी पूर्ववत होते. म्हणून टोक दाबलेले असतानाच मापन करावे लागते. त्यामुळे मिळणारा अंक प्रेरणा (बल) किती, कशी व किती वेळ लावली यांवर अवलंबून असतो.

ड्यूरोमीटर : अमेरिकेतील ॲल्बर्ट एफ. शोर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणात सपाट तळाच्या छिद्रातून २.५ मिमी. बाहेर आलेले टोक स्प्रिंगच्या साहाय्याने दाबले जाते. टोक पूर्ण घुसल्यास ० व मुळीच न घुसल्यास १०० असे वाचन मिळते. रबरासाठी ‘ए’ व कठीण प्लॅस्टिकांसाठी ‘डी’ श्रेणी वापरतात. स्प्रिंगची प्रेरणा स्थिर नसते. ‘ए’ श्रेणीत ती ० अंकाला ०.५५, तर १०० अंकाला ८.०५ न्यूटन असते.

उपकरण नमुन्यावर टेकविण्यासाठी लावावयाचा भार ‘ए’ श्रेणीत १ किग्रॅ. (सु. ९.८ न्यूटन) व ‘डी’ श्रेणीत ५ किग्रॅ. असतो. यातील काही भाग स्प्रिंग तोलते व उरलेला तळावर येतो. उदा., ‘ए’ श्रेणीत ९० कठिनतेला स्प्रिंग ७.३ न्यूटन तोलते व तळासाठी सु. २.५ न्यूटनच उरतात. ३० कठिनतेला मात्र सु. ७ न्यूटन उरतात. भार अपुरा असल्यास तळ नीट टेकत नाही व वाचन कमी येते. तो फार असल्यास तळ मऊ नमुन्यात रुततो, छिद्राखालील रबर फुगून टोकास वर लोटते व वाचन वाढते. हाताने दाबल्यास एकाच नमुन्याची दोघांनी घेतलेली वाचने भिन्न येतात व चांगला मालही नाकारला जाऊ शकतो. यासाठी ठराविक वजन बसविलेली घोडी वापरणे इष्ट असते.

भार कायम असतानाही टोक हळूहळू अधिक रुतत जाते व वाचन उतरते. म्हणून व्हल्कनीकृत रबराचे वाचन ३ सेकंदांनी, तर उष्णतामृदू रबराचे १५ सेकंदांनी घेतात.

स्थिर भाराच्या पद्धती : आंतरराष्ट्रीय रबर कठिनता अंशांच्या नेहमीच्या परीक्षेत २.५ मिमी. व्यासाची गोळी प्रथम ०.३ न्यूटन व नंतर एकूण ५.७ न्यूटन प्रेरणेने ३० सेकंद दाबतात. दोन्ही वेळच्या खोल्यांतील फरकावरून कठिनता ठरते. प्लॅस्टिकांसाठी ५ मिमी. व्यासाच्या गोळीवर ४९, १३२, ३५८ वा ९६१ न्यूटन यांपैकी अशी प्रेरणा लावतात की, खोली ०.१५ ते ०.३५ मिमी. यांदरम्यान राहावी.

सारांश, श्रेणी, भार व काल यांच्या उल्लेखाशिवाय कठिनतेचा नुसता अंक अपुरा ठरतो. भिन्न पद्धतींच्या अंकांची तुलनाही स्थूलमानानेच करता येते.