फी मोठी म्हणून पदवी मोठी?

बारावीचा निकाल लागला की गोंडपिपरीच्या बाजारात, तहसील कचेरीच्या आवारात, फार काय आष्टीकडे जाणाऱ्या एसटीतसुद्धा एकच वाक्य कानी पडते: “गोंडवानाच्या पदवीला बाहेर कोणी विचारत नाही, पोराचं भलं व्हायचं असेल तर नागपूर-पुण्याच्या मोठ्या खासगी कॉलेजात टाका.” हे सांगणारा पुष्कळदा कुठल्याशा संस्थेची गुळगुळीत माहितीपत्रके काखेत मारून हिंडणारा दलाल असतो आणि ऐकणारा असतो दोन-तीन एकरांच्या बांधीवर संसार चालविणारा बाप, म्हणूनच या समजुतीची उलटतपासणी सविस्तर होणे अगत्याचे आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर वादाला जागाच नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याच्या कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या वा अभिमत ठरलेल्या विद्यापीठाला असतो; आणि २०११ साली चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूर विद्यापीठापासून अलग काढून शासनाने स्थापिलेल्या गोंडवाना विद्यापीठाला तो पूर्णांशाने आहे. लोकसेवा आयोगाच्या दप्तरी ही पदवी, १९२३ सालच्या नागपूर विद्यापीठाची पदवी आणि लाखो रुपये मोजून मिळविलेली खासगी पदवी एकाच रकान्यात नोंदली जाते.

परंतु खरा घोटाळा निराळाच आहे. महाग ते उत्तम हे समीकरण आपण अमेरिकेकडून उसने आणले, कारण हार्वर्डसारखी तेथली अग्रगण्य विद्यापीठे खासगी आहेत. आपल्याकडे नेमके उलट! ज्यांच्या एकेका जागेसाठी लक्षावधी मुले झुरतात त्या आयआयटी आणि एम्स, १८५४ सालचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १८८७ सालची मुंबईची व्हीजेटीआय, नागपूरची व्हीएनआयटी या सर्व संस्था सार्वजनिक. आणि कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून नागपूर विद्यापीठात उभे राहिलेले एलआयटी हे तर खासगी धनाने सार्वजनिक शिक्षणाची केलेली सेवाच होय. या सार्वजनिक संस्थांत जागा न मिळालेला विद्यार्थी बहुधा खासगीची वाट धरतो, हे दलाल सांगत नाही.

बरे, अमेरिकेचेच प्रमाण हवे असेल तर तेही घ्यावे. डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविले की नामांकित महाविद्यालयांत प्रवेश मिळण्याइतकी योग्यता असूनही जे साध्या महाविद्यालयात गेले, त्यांची पुढील मिळकत सरासरीने कमी भरली नाही. २०२३ साली चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांनाही सरासरी मिळकतीत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील सर्वाधिक मिळकतीच्या एक टक्का लोकांत पोचण्याची शक्यता मात्र नामांकित विद्यापीठांमुळे सुमारे दीडपट होते. डेल-क्रूगर यांनी एक अपवादही नोंदविला आहे: गरीब घरच्या मुलांना नामांकित संस्थेचा लाभ झाला. यावर कोणी विजयी मुद्रेने “मग आमचेच खरे” म्हणेल, त्याने इतकेच ध्यानात घ्यावे की हार्वर्ड गरिबाची फी माफ करते. आपल्याकडे तीच वसूल करण्यासाठी सातबारा तारण पडतो.

हिशेब कागदावर मांडू. आठ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत: हप्ता दरमहा साडेदहा हजारांच्या वर जातो, आणि शिक्षणकाळात साचलेले व्याज त्यात धरलेलेच नाही. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. माहितीपत्रकावर ठळक छापलेले ‘सर्वोच्च पॅकेज’ एखाद्याच विद्यार्थ्याचे असते. उरलेल्या वर्गाचे काय झाले ते मध्यक वेतनावरून, म्हणजे वर्गाच्या मधोमध पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या वेतनावरून, कळते आणि केंद्र शासनाच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्थांना हा आकडा द्यावाच लागतो.

सार्वजनिक विद्यापीठे निर्दोष आहेत असे माझे म्हणणे नाही. प्राध्यापकांची पदे रिक्त, निकाल लांबलेले, प्रयोगशाळा जुनाट, हे दुखणे खरेच आहे आणि त्याबद्दल शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण त्यावरचा उपाय बापाची बांधी विकणे हा खचित नव्हे.

किरकोळ गैरसमज थोडक्यात आटोपतो. ‘मुलींची फी सगळीकडे माफ झाली’: नाही; जुलै २०२४ च्या शासननिर्णयातून खासगी आणि अभिमत विद्यापीठे वगळलेली आहेत. ‘मुक्त विद्यापीठाची पदवी स्पर्धा परीक्षेला चालत नाही’: चालते, नाशिकचे यशवंतराव चव्हाण विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या कायद्यानेच स्थापन झाले. ‘सरकारी कॉलेज म्हणजे नागपूरच’: चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आणि वैद्यकीय २०१५ पासून आहे.

तेव्हा गोंडपिपरीच्या पालकांना विनंती एवढीच, की प्रवेशाचा पैसा भरण्यापूर्वी संस्थेकडून तीन गोष्टी सही-शिक्क्यानिशी लेखी मागाव्यात: चार वर्षांचा एकूण खर्च, शेवटच्या तुकडीतील किती मुलांना नोकरी लागली ती संख्या आणि त्यांचे मध्यक वेतन. लेखी द्यायला जी संस्था का-कू करील, तिच्यासाठी बँकेची पायरी चढू नये.