तप्त धातूची झीज

यंत्राचा एखादा भाग मोडला, की त्यावर पेलवण्यापलीकडचा भार पडला असावा, असा तर्क सामान्यतः केला जातो. थंड धातूच्या बाबतीत तो अनेकदा खरा ठरतो. तप्त धातूची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे मर्यादेतील भारही घातक ठरू शकतो. प्रश्न केवळ काळाचा असतो.

याचे कारण धातूच्या अंतर्रचनेत आहे. धातूचे अणू स्फटिकांत ठरावीक जागी बसलेले असतात. तापमान चढले, की त्यांची कंपने वाढतात आणि काही अणू शेजारच्या रिकाम्या जागी सरकू लागतात. अशा वेळी सतत ताणाखाली असलेला भाग अत्यंत मंद गतीने लांबत जातो. या क्रियेला ‘विसर्पण’ म्हणतात. एडवर्ड आंद्राद या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१० मध्ये तिचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. शिसे ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने ते नेहमीच्या हवामानातही विसर्पण पावते. युरोपातील जुन्या चर्चच्या छपरांवरील शिशाचे पत्रे काही दशकांत उताराकडे ओघळलेले दिसतात. साध्या पोलादात हीच क्रिया सुमारे ४०० अंशांपुढे जाणवू लागते.

जेट इंजिनातील टर्बाइनची पाती याहून कितीतरी तप्त वायूत मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. मोठ्या इंजिनात एकेका पात्याला बाहेर खेचणारी ओढ कित्येक टनांची असते. या ओढीने पाते लांबते आणि धातूच्या कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. पोकळ्या जोडल्या जाऊन भेग पडते आणि अखेर पाते तुटते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बनविलेल्या ‘युमो ००४’ इंजिनासाठी निकेल व क्रोमियम पुरेसे मिळाले नाही. परिणामी त्याचे आयुष्य जेमतेम १० ते २५ तासांचे ठरले.

विसर्पणाच्या जोडीला रासायनिक झीज असते. तप्त पृष्ठभागावर प्राणवायूची क्रिया होऊन ऑक्साइडचा थर जमतो. तो टिकून राहिला तर धातूचे रक्षण करतो; परंतु वारंवार सुटून पडू लागला, तर दर वेळी नवा धातू उघडा पडतो. समुद्री हवेतील मीठ आणि इंधनातील गंधक यांमुळे ही झीज अधिक वेगाने होते.

तिसरे कारण औष्णिक शीण. इंजिन सुरू होताना धातू प्रसरण पावतो, बंद होताना आकुंचन पावतो. भागाचा एक अंश दुसऱ्याआधी तापला, की दोहोंत ओढाताण होते. प्रत्येक उड्डाणागणिक ती पुन्हा घडते आणि बारीक चीर हळूहळू वाढत जाते. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर धावपट्टीवरून धावणाऱ्या बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या इंजिनातील असाच चिरलेला ज्वलनकक्ष फुटला. त्याचा तुकडा पंखातील इंधनटाकीच्या झाकणावर आदळला, इंधन पेटले आणि १३७ जणांपैकी ५५ जण प्राणांस मुकले. त्यांतील बहुतेकांचा बळी धुराने घेतला.

या संकटांवर धातुवैज्ञानिकांनी अनेक उपाय योजले आहेत. निकेलचे मिश्रधातू, पोकळ पात्यांतून खेळविलेली थंड हवा आणि सिरॅमिकचे लेप हे त्यांपैकी प्रमुख होत. कणांच्या सीमा हेच दुबळे स्थान असल्याने संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओतण्याची पद्धतही विकसित झाली. १९८२ पासून अशी पाती प्रवासी विमानांत वापरात आली. हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी पाती तयार केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले.

तरीही तप्त भाग अमर होत नाही. इंजिनातील वायू जितका तप्त, तितका इंधनाचा उपयोग अधिक चांगला. म्हणून धातूला मिळालेली नवी ताकद तापमान आणखी वाढविण्यातच खर्ची पडते. यामुळेच अशा भागांचे आयुष्य तासांत आणि उड्डाणांच्या संख्येत मोजले जाते, आणि मुदत भरताच वरकरणी धडधाकट दिसणारे पातेही काढून टाकले जाते. मोडण्याची वाट न पाहणे, हीच येथे खरी सुरक्षितता होय.