अब्रुनुकसानी व वृत्तपत्रस्वातंत्र्य, अठराव्या शतकातील ब्रिटनमधील

व्यक्तीच्या लौकिकास बाध आणणाऱ्या कृतीचे इंग्लिश विधीत दोन प्रकार मानले जातात. लेखन, मुद्रण वा चित्र यांसारख्या टिकाऊ स्वरूपात केलेली ती लेखी बदनामी व उच्चारलेल्या शब्दांनी केलेली ती तोंडी बदनामी होय. तोंडी बदनामीबद्दल सामान्यतः दिवाणी दावाच लावता येई. लेखी बदनामी मात्र फौजदारी गुन्हाही ठरे. राजा वा शासन यांविषयी अप्रीती निर्माण करणाऱ्या लेखनास राजद्रोही लेख म्हणत. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा झगडा मुख्यत्वे या गुन्ह्याभोवती झाला.

मुद्रणपूर्व परवान्याची सक्ती करणारा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आला. त्यानंतर मुद्रांक कर (१७१२) व खटले ही शासनाची प्रमुख साधने बनली. प्रकाशनापूर्वी नियंत्रण नसणे म्हणजेच मुद्रणस्वातंत्र्य, असे मत ब्लॅकस्टनने १७६९ मध्ये मांडले. प्रकाशनानंतरच्या शिक्षेस त्याची हरकत नव्हती. मजकूर सत्य असणे हा फौजदारी खटल्यात बचाव मानला जात नसे. शिवाय, आरोपीने मजकूर प्रसिद्ध केला काय व त्यातील उल्लेखांचा रोख आरोपात म्हटल्याप्रमाणे आहे काय, एवढेच ज्यूरीने ठरवावे. तो राजद्रोही आहे की नाही हा विधिविषयक प्रश्न न्यायाधीशाचा, अशी प्रथा होती. बहुधा शासननियुक्त न्यायाधीशाच्या हातीच त्यामुळे निर्णायक प्रश्न राही.

संसदसदस्य जॉन विल्क्स (१७२५–९७) याने नॉर्थ ब्रिटन या साप्ताहिकाच्या ४५ व्या अंकात (२३ एप्रिल १७६३) पॅरिसच्या तहाची भलावण करणाऱ्या राजाच्या भाषणावर टीका केली. आरोपींची नावे नसलेल्या सर्वसाधारण अधिपत्रान्वये ४९ जणांना अटक झाली. संसदीय विशेषाधिकारामुळे विल्क्स सुटला व घरझडतीबद्दल त्यास १,००० पौंड भरपाई मिळाली. पुढे सभागृहाने त्यास निष्कासित केले, तरी अशा अधिपत्रांची वैधता न्यायालयांनी अमान्य केली.

‘ज्यूनियस’ या टोपणनावाने लिहिलेले राजास उद्देशून पत्र पब्लिक ॲडव्हर्टायझरने १७६९ मध्ये छापले. मुद्रक वुडफॉल याच्या खटल्यात (१७७०) सरन्यायाधीश मॅन्सफील्डने प्रचलित प्रथेचाच पुरस्कार केला. परंतु ज्यूरीने ‘केवळ छापण्या-प्रसिद्ध करण्यापुरता दोषी’ असा निर्णय दिल्याने शिक्षा होऊ शकली नाही. संसदीय चर्चांचे वृत्त छापणाऱ्या मुद्रकांना अटक करण्याचा कॉमन्सचा प्रयत्न १७७१ मध्ये लंडनच्या नगराधिकाऱ्यांनी हाणून पाडला. त्यासाठी लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बीला टॉवरमध्ये कैद भोगावी लागली. मात्र वृत्ते छापणे त्यानंतर थांबले नाही.

सेंट असाफच्या डीनच्या खटल्यात (१७८४) टॉमस अर्स्किनने ज्यूरीच्या अधिकाराची बाजू समर्थपणे मांडली. अखेर चार्ल्स जेम्स फॉक्सच्या पुढाकाराने १७९२ मध्ये झालेल्या कायद्याने, संपूर्ण वादविषयावर दोषी वा निर्दोष असा निर्णय देण्याचा ज्यूरीचा अधिकार मान्य झाला. या सुधारणेस मर्यादा होत्या. त्याच वर्षी टॉमस पेनला त्याच्या अनुपस्थितीत ज्यूरीनेच दोषी ठरविले. लोकहितार्थ केलेले सत्यकथन हा फौजदारी खटल्यातील बचाव १८४३ मध्ये मान्य झाला, तर इंग्लंडमधील राजद्रोही लेखाचा गुन्हा रद्द करणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला. भारतीय दंड संहितेने (१८६०) लेखी व तोंडी हा भेद न स्वीकारता दोन्ही प्रकार अब्रुनुकसानीच्या एकाच व्याख्येत आणले आणि लोकहितार्थ केलेले सत्यकथन अपवाद मानले.