प्रकाशखड्गाच्या मुठींतील इशारादीप

खेळण्यांच्या सृष्टींत कांहीं खेळणीं अशीं असतात कीं, तीं मुलांपेक्षां मोठ्या माणसांनाच अधिक भुरळ घालतात. प्रकाशखड्ग हें त्यांपैकींच एक होय. १९७७ सालीं 'स्टार वॉर्स' हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यांतील योद्ध्यांच्या हातचें हें तेजाचें पातें जगभर परिचयाचें झालें. त्या चित्रपटासाठीं रॉजर ख्रिश्चन यांनीं नायकाच्या खड्गाची मूठ तयार केली ती 'ग्राफ्लेक्स' जातीच्या जुन्या कॅमेऱ्याला जोडावयाच्या दिव्याच्या दांडीपासून. छायाचित्र घेतेवेळीं क्षणभर लख्ख उजेड पाडणाऱ्या दिव्यासाठीं बॅटरीचे घट ठेवण्याची ती नळी होती. प्रकाशखड्गाची मूठ ही अशी मुळांतच बॅटरीचें घर आहे. पडद्यावरचें तेज मात्र बॅटरीचें नव्हे. तें फिल्मवर मागाहून चढविलेलें होतें.

आज हौशी लोकांच्या हातीं जें खड्ग असतें, त्याचें तेज खरोखरीचें असतें. पॉलिकार्बोनेटच्या पोकळ नळींत बारीक एल.ई.डी. दिव्यांच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसविलेल्या असतात. मुठींत एक विद्युद्घट, एक लहानसा लाउडस्पीकर आणि या सर्वांवर हुकमत चालविणारा सर्किट बोर्ड असतो. या खड्गांनीं केवळ शोभेचीं द्वंद्वें होतात असेंहि नाहीं. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघानें २०१९ सालीं या द्वंद्वाला क्रीडाप्रकार म्हणून अधिकृत मान्यता दिली. ऐन सामन्यांत पातें विझलें तर खेळाडूची काय स्थिति होईल, हें सांगावयास नको. म्हणून घटांत शक्ति किती उरली आहे, हें दाखविणारे दोन-तीन इवलेसे दिवे मुठींत बसविण्याची चाल पडली आहे. हे दिवे बसविणें सोपें. परंतु त्यांना खरें बोलावयास शिकविणें तितकेंसें सोपें नाहीं.

मुठींत बहुधा लिथियम-आयन जातीचा घट असतो. हे घट १९९१ सालीं प्रथम बाजारांत आले आणि त्यांच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा जो घट सर्वत्र वापरांत आहे, त्याला या मापांवरूनच '१८६५०' असें नांव पडलें. पूर्ण भरलेल्या घटाचा विद्युद्दाब ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या आसपास आला कीं घट रिकामा झाला असें समजावें. त्याहूनहि फार खालीं त्याला ओढला, तर आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो, आणि असा घट पुन्हां भरतांना आंतल्या आंत जोडला जाऊन तापण्याचा धोका उद्भवतो. इशारादीपाचें काम केवळ सोयीचें नसून सुरक्षिततेचेंहि आहे, तें यामुळेंच.

पहिली चूक होते ती अशी. ४.२ आणि ३ यांचा मध्य ३.६, तेव्हां दाब ३.६ झाला म्हणजे घट अर्धा उरला, असा हिशेब सहज मनांत येतो. तो सपशेल चुकीचा आहे. तळाशीं निमुळत्या झालेल्या रांजणाचें उदाहरण घ्यावें. गळ्याशीं रांजण अरुंद असतो, म्हणून चार तांबे काढतांच पाण्याची पातळी झपाट्यानें उतरते. पोटाशीं तो रुंद असतो. तेथें घागरभर पाणी काढलें तरी पातळी हललीशी वाटत नाहीं. तळाशीं पुन्हां निमुळता, आणि पातळी पुन्हां भरभर खालीं जाते. घटाच्या दाबाचें वर्तन हुबेहूब असेंच आहे. शक्तीचा मोठा भाग ३.९ आणि ३.५ व्होल्टच्या दरम्यान सांठविलेला असतो, ३.५ च्या खालीं मात्र फारच थोडी शिल्लक राहते.

दुसरी चूक याहून फसवी आहे. विहिरीवर मोट चालू असतां पाणी खालीं गेलेलें दिसतें, आणि मोट थांबली कीं झरे आपलें काम करतात व पाणी पुन्हां वर येतें. घटाचेंहि तसेंच. त्याच्या अंगीं थोडासा अंतर्गत विरोध असतो. तो ०.०५ ओहम धरला आणि पातें प्रज्वलित असतां ६ अँपिअर प्रवाह वाहूं लागला, तर ०.३ व्होल्ट दाब आंतल्या आंतच खर्ची पडतो. विसांव्याच्या वेळीं ३.८ दाखविणारा घट पातें पेटतांच ३.५ दाखवूं लागतो. अशा वेळीं लाल दिवा लागला तर तो घटाची थट्टाच म्हणावयाची. यास्तव पातें विझवून, घटाला कांहीं मिनिटें विसांवा देऊन घेतलेलें मापच ग्राह्य मानावें.

मग सीमारेषा कोठें आंखावयाच्या? याचें उत्तर पुस्तकांत शोधण्यापेक्षां घटालाच विचारावें. घट पूर्ण भरावा; नेहमींच्या तेजानें पातें दहा मिनिटें चालवावें; मग तें विझवून दहा मिनिटें थांबावें आणि मल्टिमीटरनें दाब मोजून वहींत लिहावा. दाब ३.३ च्या सुमारास येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. जेवढा वेळ पातें जळलें, त्याचे चार सारखे भाग करावे आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस वहींत कोणता दाब नोंदलेला आहे, तें पाहावें. त्याच खऱ्या सीमारेषा. सर्वसाधारणपणें ३.९ च्या वर तीन दिवे, ३.७ पर्यंत दोन, ३.५ पर्यंत एक आणि त्याखालीं लाल दिव्याची उघडझाप, अशी वाटणी जुळून येते; तथापि जुन्या घटाचा हिशेब नव्याहून निराळा निघतो.

'प्रॉफीबोर्ड' हा अशा खड्गांत वापरला जाणारा एक प्रसिद्ध बोर्ड आहे. त्याची आज्ञावली सर्वांस खुली असून ती संगणकावर हवी तशी बदलून बोर्डांत भरतां येते. तींत घटाची पातळी ० ते ३२७६८ या आंकड्यांत मिळते, आणि त्या आंकड्यावरून दिव्याचा रंग वा तेज ठरवितां येतें. दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. सीमारेषेच्या अगदीं कांठावर दाब असला कीं दिवा सारखा लुकलुकत राहतो. म्हणून दिवा मालवण्याची रेषा ३.७० वर असेल, तर तो पुन्हां लावण्याची ३.७५ वर ठेवावी. शिवाय तांबड्या-हिरव्यांतला भेद कित्येकांच्या डोळ्यांना कळत नाहीं. अशांसाठीं रंगापेक्षां दिव्यांची संख्या हीच खरी भाषा होय.

इशाऱ्याचा शेवटचा दिवा लाल असावा, यालाहि नुसत्या रूढीपलीकडे कारण आहे. लाल एल.ई.डी.ला सुमारें २ व्होल्ट पुरतात. हिरव्याला वा निळ्याला ३ च्या आसपास लागतात. दिवा थेट घटावर चालवावयाचा असेल, तर ४.२ मधून २ वजा जातां २.२ व्होल्ट उरतात. १० मिलिअँपिअर प्रवाहासाठीं तेथें २२० ओहमचा रोधक घालावा. घट ३.२ वर उतरला तरी हा लाल दिवा निम्म्या तेजानें कां होईना जळत राहतो; निळा मात्र तेव्हां जवळजवळ विझलेला असतो. ज्या वेळीं बोलावयाचें, नेमकें त्याच वेळीं ज्याचा आवाज बसतो, तो दूत काय कामाचा?

आणि अखेरची गोष्ट अशी कीं, पहारेकरीहि धन्याचें अन्न खात असतो. तीन दिवे प्रत्येकीं १० मिलिअँपिअर या मानानें अखंड जळत राहिले, तर ३००० मिलिअँपिअर-तासांचा भरलेला घट १०० तासांत, म्हणजे चार दिवसांच्या थोड्या अवधींतच, नुसत्या पहाऱ्यापायीं रिता होतो. खड्ग फळीवर ठेवून गांवाला गेलेल्या माणसाला परत आल्यावर मेलेला घट सांपडतो तो असा. यासाठीं बटण दाबल्यावर चार-पांच क्षण दिवे लागावेत व आपोआप मालवावेत, अशी योजना करावी. आणि खड्ग ठेवून देतांना घटाची जोडणी तोडणारा खटका बंद करण्यास विसरूं नये.