आधी गट, मग नेम
रायफलीची घडीची मागली साइट कशी बसवतात, ‘झिरो’ कशी करतात, आणि आपल्या मुलांनी त्यातून काय घ्यावे

पाहुणे आले की आपण त्यांना बीदरचा किल्ला दाखवतो. कलबुर्गीला नेले तर तिथल्या किल्ल्यातली बारा गझी तोफही दाखवतो. सुमारे २९ फूट लांबीची ती तोफ पाहून मुले हटकून विचारतात, “एवढ्या मोठ्या तोफेचा नेम कसा धरायचे?”

प्रश्न चांगला आहे. तोफेचा गोलंदाज अख्खी तोफच फिरवायचा. तोंड वरखाली करायचे तर पाठीमागे पाचर कमीजास्त सरकवायची. गोळा कुठे पडला ते पाहायचे, अंदाज घ्यायचा आणि पुन्हा बार काढायचा. आज एनसीसीचा कॅडेट रेंजवर पोटावर झोपून रायफल चालवतो तेव्हा तत्त्व हेच असते. फरक एवढाच की आता नळी न हलवता नजरेची रेषा हलवता येते. ही करामत मागल्या साइटची.

माशी, शिस्त आणि गुरी

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो त्याला मराठीत जुना शब्द आहे, माशी. मागच्या बाजूला खाच किंवा बारीक भोक असलेली पट्टी असते, ती मागली साइट. डोळा, मागली साइट, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम धरला गेला.

जुन्या मराठीत यालाच ‘शिस्त धरणे’ म्हणत. शब्द फारसीतून आला आणि त्याचा एक अर्थच नेम असा होता. पुढे तो वर्गातल्या आणि कवायतीतल्या शिस्तीसाठी रूढ झाला. आपल्या कन्नड शाळांतले गुरुजीही ‘शिस्तु’ म्हणतात ते याच अर्थाने. नेमासाठी मात्र कन्नडात ‘गुरी’ हा शब्द आहे. घरी मराठी आणि शाळेत कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे तिन्ही शब्द आपोआप मिळतात. आता त्यांच्यामागचे यंत्र समजून घेऊ.

घडीची साइट कशासाठी?

गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीतून सुटल्यापासून ती खाली येऊ लागते. लांबचे लक्ष्य असेल तर नळीचे तोंड थोडे वर ठेवावे लागते, म्हणजेच मागली साइट उंच करावी लागते. जवळच्या माऱ्याला मात्र उंच साइट अडचणीची. त्यावर उपाय म्हणून बिजागरीवर उठणारी पट्टी आली. १८५७ च्या सुमारास गाजलेल्या एन्फिल्ड बंदुकीवर लांबच्या पल्ल्यासाठी उभी करायची शिडीसारखी पट्टी होती. काम झाले की ती आडवी पाडायची.

पुढच्या .३०३ ली-एन्फिल्ड रायफलीवरही बिजागरीची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा तुकडा होता. आकडे थेट २००० यार्डांपर्यंत कोरलेले. इतक्या लांबवर नुसत्या डोळ्याने काय दिसणार? इशापूरच्या कारखान्यात याच घडणीची ७.६२ मिमी रायफल बनू लागली, तेव्हा तिच्या ‘२ए१’ या आवृत्तीत आकडे ८०० मीटरवर आणले गेले. .३०३ च्याच घडणीवरून केलेली .२२ रायफल एनसीसीत अनेक पिढ्यांनी हाताळली आहे. तुमच्या घरातल्या एखाद्या काका-मावशीने कॉलेजात असताना ती चालवली असेल, विचारून पाहा.

आजच्या रायफलींवर दुर्बीण असते. तिची काच फुटली, धुके साचले किंवा बॅटरी संपली तर हाताशी असावी म्हणून घडीची साइट ठेवतात. एरवी ती मिटलेली असते आणि दुर्बिणीच्या आड येत नाही.

बसवताना

हे काम परवानाधारकाने किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचे. आधी मॅगझिन काढायचे, बोल्ट उघडायचा, नळी रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासायचे. मग पुढचे.

साइट ज्या पट्टीवर, म्हणजे रेलवर, बसते ती पट्टी तेल पुसून कोरडी करतात. साइट शक्य तितकी मागे बसवतात, कारण माशी आणि मागली साइट यांत अंतर जितके जास्त तितकी नेमातली चूक कमी. पण ती रायफलीच्या पक्क्या भागावरच हवी. हलणाऱ्या झाकणावर बसवली तर नेम दर वेळी वेगळा येईल.

खाचेत बसवल्यावर साइट पुढच्या दिशेने दाबून धरतात आणि मग स्क्रू आवळतात. झटका बसल्यावर ती सरकायला जागा उरत नाही. स्क्रू कंपनीने सांगितला तेवढाच आवळायचा. जास्त जोर लावला तर आटे जातात. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढतात. स्क्रू ढिला पडला तर रेघ तुटलेली दिसते.

घडीच्या साइटची खरी परीक्षा तिच्या बिजागरीत असते. वीसेक वेळा मिटवून उघडायची, बोटाने हलवून पाहायची. उघडल्यावर खटकन बसली पाहिजे आणि डुलता कामा नये. बिजागरीत केसभर ढिलाई असली तरी लक्ष्यावर तिचे मिलिमीटर, प्रसंगी सेंटिमीटर होतात.

झिरो करणे: दहावीचे गणित

साइट बसली म्हणजे नेम बसला असे नाही. साइट जिथे दाखवते तिथेच गोळी लागावी म्हणून जी जुळणी करतात तिला झिरो करणे म्हणतात. सुरुवातीला साइटचे फिरणारे बटण मधोमध आणतात, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात. एकाच प्रकारची काडतुसे घेतात आणि लक्ष्याच्या मध्यावर नेम धरून पाच गोळ्या सावकाश झाडतात.

आता कागदाजवळ जायचे. पाच भोके एकमेकांच्या जवळ असतील तर तो ‘गट’ झाला. नवशिका इथेच चुकतो. पहिली गोळी डावीकडे गेली की लगेच साइट उजवीकडे, दुसरी खाली गेली की साइट वर. पाच गोळ्यांत पाच वेळा साइट हलते आणि शेवटी काहीच कळत नाही. गोळ्या विखुरल्या असतील तर दोष बहुधा साइटचा नसतो. श्वास, खांद्यावरची पकड किंवा घोडा ओढताना बसणारा हिसका तपासावा लागतो. गट जमेपर्यंत साइटला हात लावायचा नाही. सगळ्या गोळ्या मध्यापासून दूर पण एकत्र पडल्या तर निराश होऊ नका, काम सोपे झाले आहे.

गटाचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून किती दूर आहे ते मोजा. समजा २५ मीटरवर गट ४ सेंटिमीटर डावीकडे पडला, आणि माशी व मागली साइट यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे. दहावीतले समरूप त्रिकोण आठवा. ४ गुणिले ६०, भागिले २५००. उत्तर येते ०.०९६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १ मिलिमीटर. मागली साइट तेवढी उजवीकडे न्यायची. नियम सोपा आहे: गोळी जिकडे न्यायची तिकडेच मागली साइट हलवा. माशी हलवायची असेल तर उलट दिशेला.

पुन्हा पाच गोळ्या. गट मध्यावर आला की साइट मिटवा, उघडा आणि आणखी पाच झाडा. तोही गट तिथेच पडला तरच घडीची साइट झिरो झाली म्हणायचे. तारीख, अंतर, काडतूस आणि साइटचा आकडा वहीत लिहून ठेवा.

केसभर फरकाची किंमत

स्पर्धेच्या रायफलीवर मागली साइट घडीची नसते. तिथे बारीक भोकाची चकती असते, तिला डायॉप्टर म्हणतात. बटण फिरवले की ती एकेक क्लिक सरकते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते. १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. वरचेच गणित लावून पाहा. १० मीटरवर मागली साइट एक दशांश मिलिमीटर हलली तर छर्रा दीड मिलिमीटरहून जास्त सरकतो.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिचच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक जिंकले, ते याच बारकाव्यावर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा आला होता. १ ऑगस्ट २०२४ च्या अंतिम फेरीत त्याने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतले. या प्रकारात भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी पदक आणले, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले. पदक मिळाले तेव्हा स्वप्नीलचे वडील शिक्षक होते, आई गावच्या सरपंच, आणि तो स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

गुडघ्यावर, पोटावर आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत तो नेम धरतो. स्थिती बदलली की डोक्याचा कोन बदलतो आणि साइटची जुळणी पुन्हा बघावी लागते. हे सगळे घड्याळ चालू असताना.

आपल्या मुलांसाठी

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या मुलामुलींना वाटेल, कोल्हापूरसारखी परंपरा आपल्याकडे कुठे? पण सुरुवातीला लागते ते फार थोडे. कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. आपले जिल्हे कर्नाटक व गोवा संचालनालयात येतात. नेमबाजीत नाव कमावलेल्या अंजली भागवत यांची सुरुवातही एनसीसीतूनच झाली. त्याखेरीज १० मीटर एअर रायफलचा सराव लहान जागेतही होतो आणि प्रशिक्षकाकडे उसनी रायफल मिळाली तर पहिले वर्ष विकत घ्यायची गरज पडत नाही.

आईवडिलांसाठी एक सूचना. .२२ रायफल हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे परवान्याचे शस्त्र आहे. शेतात किंवा गच्चीवर ‘जरा बघू’ म्हणून ती चालवायची नसते. एअर रायफल घेतानाही आधी प्रशिक्षकाला भेटा, नियम समजून घ्या, मग दुकानात जा.

आणि मुलांनो, रेंजवर गेलात तर पहिल्या दिवशी दहा गुणांचा हट्ट धरू नका. पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतात का ते पाहा. येत असतील, तर ते कागदाच्या कोपऱ्यात पडले असले तरी कागद जपून घरी आणा. उरलेले काम साइटच्या दोन-चार क्लिकचे आहे.