इन्फ्लुएन्झाचा ताप आणि आपले घरचे मांजर

मांजर आडवे गेले म्हणजे योजिलेले कार्य बिघडते, अशी समजूत बाळगणारे लोक आपल्या समाजात अजूनही पुष्कळ आहेत. घरात कोणास खोकला झाला, की ‘अगोदर त्या मांजराला बाहेर काढा’ असे म्हणणारेही कमी नाहीत. परंतु माणूसही कधी कधी मांजराला आडवा जातो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत नेमके असेच घडू शकते. ताप येतो आपल्याला, आणि तो पदरी पडतो उशाशी निजलेल्या मुक्या प्राण्याच्या.

इन्फ्लुएन्झा, ज्यास बोलण्यात आपण फ्ल्यू म्हणतो, तो म्हणजे साधे पडसे नव्हे. १९१८ साली ह्या रोगाची साथ प्रथम मुंबईस आली आणि तेथून देशभर पसरली. तेव्हाच्या मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या प्रांतात तिने फारच मोठा संहार केला. आपला बुलढाणा जिल्हा त्याच वऱ्हाडातला. जुन्या माणसांच्या तोंडी ह्या साथीचे नाव ‘मानमोडी’ असे होते. पुढे २००९ साली इन्फ्लुएन्झाचाच एक नवा प्रकार, एच-१ एन-१, जगभर पसरला. त्यास लोक ‘स्वाइन फ्ल्यू’ म्हणू लागले. आपल्या देशातील त्याचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुणे येथे गेला, व त्या शहरातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील आयोवा संस्थानातून एक चमत्कारिक वार्ता आली. तेथील तेरा वर्षांच्या एका घरगुती मांजरास हाच एच-१ एन-१ रोग झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले. मांजराच्या आजारापूर्वी त्याच घरातील माणसांना फ्ल्यूसारखा ताप येऊन गेलेला होता. रोग कोणाकडून कोणाकडे गेला, हे ह्यावरून उघडच आहे. ते मांजर सुदैवाने बरे झाले. ऑरेगॉन संस्थानातील एक मांजर मात्र ह्याच दुखण्याने न्यूमोनिया होऊन मरण पावले. त्यानंतर निरनिराळ्या देशांत घरच्या मांजरांचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा माणसांच्या इन्फ्लुएन्झाशी गाठ पडल्याच्या खुणा काही मांजरांच्या रक्तात सापडल्या. त्यांपैकी कित्येक आजारी पडल्याचे कोणास कळलेही नसावे. मांजरास आपला फ्ल्यू होणे ही नित्याची गोष्ट नाही, आणि तो झाला तरी बहुधा सौम्यच असतो. तेव्हा ह्या लेखाने कोणी घाबरून जाऊ नये. परंतु म्हातारे, दुबळे किंवा अगदी लहान पिल्लू असेल, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

हे घडते कसे? विषाणू म्हणजे एक किल्ली समजा. श्वासनलिकेतील पेशींवर जे सूक्ष्म कुलूप असते, त्यास ती किल्ली लागली तरच विषाणूस आत शिरता येते. माणसाच्या इन्फ्लुएन्झाची किल्ली ज्या कुलपास लागते तशी कुलपे मांजराच्या श्वासमार्गातही आहेत. इतकेच नव्हे, तर पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाची किल्ली लागावी अशीही त्यात आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाने दगावले, ही हकीकत वर्तमानपत्रांतून अनेकांनी वाचली असेल. वाघ आणि आपली मनी एकाच कुळातील आहेत! दोहोंचे शत्रूही पुष्कळसे सारखेच. माणसाकडून ह्या कुळाकडे रोग जातो ह्याचे उदाहरण, रोग निराळा असला तरी, आपल्या शेजारीच घडलेले आहे. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांस कोरोनाची लागण झाल्याचे आढळले, आणि ती माणसांकडूनच झाली असावी, असे मानले गेले.

आता आपण काय करावे ते पाहू. फ्ल्यूचा रोगी ताप चढण्याच्या सुमारे एक दिवस अगोदरपासून पुढे पाच ते सात दिवस रोग पसरवू शकतो. तेवढे दिवस त्याने मांजरास अंथरुणात घेऊ नये. हे सांगणे सोपे, करणे कठीण, हे आम्ही जाणतो. कारण मांजरास ऊब प्रिय आणि तापाने फणफणलेल्या मुलाइतके ऊबदार अंथरूण घरात दुसरे नसते. मुलाच्या जिवालाही तेव्हा तोच एक विरंगुळा असतो. म्हणून नुसते ‘दूर हो’ म्हणून भागत नाही. मांजरासाठी दुसऱ्या खोलीत जुन्या गोधडीची घडी टाकावी, आणि त्याचे खाणेपिणे घरातील निरोगी माणसाने पाहावे. ते रोग्यासच पाहावे लागले, तर त्याने साबणाने हात धुवावे व नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे. विषाणूवर चरबीचे पातळ कवच असते, ते साबणाने फुटते. नुसत्या पाण्याने हे काम नीट होत नाही. मांजराच्या तोंडास तोंड लावणे, आपल्या ताटातील उष्टे त्यास घालणे, नाक पुसलेले रुमाल जमिनीवर टाकणे, ह्या गोष्टी त्या दिवसांत कटाक्षाने टाळाव्या. खिडक्या उघड्या ठेवाव्या. मांजराच्या तोंडाला मात्र फडके बांधू नये. त्याने ते गुदमरेल.

काही लोक अशा वेळी मांजरास घराबाहेरच हाकलून देतात. हे आम्हांस मुळीच पसंत नाही. बाहेरचे मांजर कोंबड्यांच्या दुकानामागील घाणीत तोंड घालते, मेलेले पाखरू उचलते, आणि मग गोरेवाड्याच्या वाघांवर जो प्रसंग आला तोच त्याच्यावर येण्याची भीती वाढते. मांजरास मांस घालणे झाल्यास ते नीट शिजवून घालावे. दूधही तापवूनच द्यावे. २०२४ साली अमेरिकेत टेक्सास संस्थानातील गोठ्यांत आजारी गाईंचे कच्चे दूध पिऊन कित्येक मांजरे मेली. धार काढताना मांजराच्या वाटीत दोन चिळकांड्या सोडण्याची हौस आपल्याकडेही आहेच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट औषधाची. आपल्याला ज्या गोळीने ताप उतरतो तीच अर्धी करून मांजरास द्यावी, असा मोह दयाळू माणसासही होतो. पॅरासिटामॉल मांजरास विषासमान आहे. आपले यकृत हे औषध ज्या रीतीने निरुपद्रवी करून बाहेर टाकते, ती रीत मांजराच्या यकृतास साधत नाही; मग त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या काळपट पडतात, आणि एका गोळीने जीव जाऊ शकतो. फ्ल्यूने मरावयाचे नाही ते मांजर अशा उपचाराने मात्र मरू शकेल. फिनेलने त्याचे अंग पुसणे किंवा त्याच्या निजण्याच्या जागी फिनेल ओतणे हेही तितकेच घातक होय. मांजर आपले पाय चाटते व ते विष पोटात जाते.

मांजर शिंकू लागले म्हणजे त्यास आपलाच फ्ल्यू झाला, असेही लगेच समजू नये. मांजरांचे म्हणून जे निराळे पडसे आहे, ज्यास पशुवैद्य ‘कॅट फ्ल्यू’ म्हणतात, ते बहुधा दुसऱ्याच दोन विषाणूंनी होते, आणि ते माणसास लागत नाही. त्यावर मांजरांसाठी लस मिळते. माणसाच्या फ्ल्यूवर मांजरांची लस मात्र नाही. घरातील माणसांनी दर वर्षी फ्ल्यूची लस टोचून घेतली, तर घरात रोग येण्याचा संभवच कमी होतो.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट शिकून ठेवावी. मांजर शांत निजलेले असताना घड्याळ घेऊन त्याची छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजावे. निरोगी मांजराचा हा आकडा सामान्यतः तीसच्या आत असतो. तो वरचेवर ह्याहून अधिक भरू लागला, मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, अथवा दिवसभर अन्नास शिवले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्यास झाकणाच्या टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, आणि घरात कोणास फ्ल्यू झाला होता काय व कधी, हे डॉक्टरांस न विसरता सांगावे.